मोबाईलला लॉक मारून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी

दहावीचा निकाल लागला की आमच्या धंद्याला बरे दिवस येतात. कराडात स्टँडच्या आजूबाजूला मोबाईलची दुकानं काही कमी नाहीत, तरी त्या आठवड्यात कुणाच्याच काउंटरवर हात ठेवायला जागा नसते. "पंच्याहत्तरच्या वर पडले तर घेऊन देईन" असा शब्द बापानं वर्षभर आधी देऊन ठेवलेला असतो, आणि आता तो अंगाशी आलेला असतो. मोबाईल पसंत होतो, टेम्पर बसते, पोरगं कव्हरांच्या भिंतीकडं वळतं, आणि तेवढ्यात बाप काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "ह्यात काहीतरी लॉक मारून द्या. घाण दिसली नाय पायजे."

आई आली तर शब्द वेगळे असतात. "भाऊ, ते इन्स्टा बंद ठेवता येतं का?"

एरवी मी इथं चार्जिंगचा पोर्ट, फुगलेली बॅटरी, पाण्यात पडलेला फोन असल्या गोष्टी लिहितो. पण गर्दीत प्रत्येकाला पंधरा मिनिटं देता येत नाहीत, म्हणून जे काउंटरवर अर्धवट सांगतो ते एकदा सलग लिहून काढतोय. लिंक पाठवली की माझं तोंड वाचेल.

पालकांच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच भीती असते: पोरगं काय बघेल. भीती खोटी नाही. पण दुकानात जी प्रकरणं माझ्यासमोर रडत आली, त्यातलं एकही काहीतरी बघितल्यामुळं आलेलं नव्हतं. सगळी कुणीतरी त्या पोरापर्यंत पोचल्यामुळं आली होती. अनोळखी माणसाचा मेसेज आला, पोरानं उत्तर दिलं, फोटो गेला, आणि पुढं सगळं बिघडलं. त्यामुळं कुलूप कशाला लावायचं हे आधी ठरवा. रिल्सला लावायचं की मेसेजच्या दाराला?

आता त्या दाराची गंमत अशी की इन्स्टाग्रामनं लहान पोरांसाठी ते बऱ्यापैकी लावूनच ठेवलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात 'टीन अकाउंट' आणायचं त्यांनी जाहीर केलं. वय अठराच्या खाली असेल तर खातं आपोआप प्रायव्हेट होतं. पोरगं ज्यांना फॉलो करतं किंवा ज्यांच्याशी आधीपासून जोडलेलं आहे, तेवढेच त्याला मेसेज करू शकतात. टॅग करायलाही तीच अट. तासभर वापर झाला की ॲप बंद करायची आठवण येते, आणि रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प राहतात. सोळाच्या खालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर आईबापाची परवानगी लागते. हे सगळं फुकट, माझ्याकडं न येता.

मग अडतं कुठं? जन्मतारखेत.

नववीतल्या पोराची आयडी उघडून बघितली तर जन्मसाल १९९८. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ते काकानं काढून दिलं होतं." काकानं स्वतःची तारीख टाकली, किंवा वर्षाचं चाक बोटानं जोरात फिरवलं आणि जिथं थांबलं तिथं ओके दाबलं. कधी कधी आयडी आईच्याच नावानं काढलेली असते आणि वापरतं पोरगं. कंपनीच्या हिशोबी तो माणूस आता लग्नाचा झालाय. त्याला टीन अकाउंट कुठून मिळणार? मेसेज कुणाचाही येणार, जाहिराती मोठ्यांच्या येणार, आणि तुम्ही माझ्याकडं येऊन लॉक मागणार.

तेव्हा पहिलं काम हे. पोराला शेजारी बसवा, इन्स्टाच्या सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, तिथं पर्सनल डिटेल्स, आणि तिथली जन्मतारीख खरी करा. खरी म्हणजे शाळेच्या दाखल्यावरची. पोरगं कुरकुर करेल, कारण एकदा वय खाली आलं की परत अठराच्या वर न्यायला कंपनी ओळखपत्र किंवा चेहऱ्याचा व्हिडिओ मागते. आपल्याला तेच हवंय. मूल तेराच्या आत असेल आणि तुम्ही खरी तारीख टाकली, तर खातं बंद होईल. त्यावर एका ताईंनी मला विचारलं होतं, "मग तिचे सगळे फोटो जातील की हो." फोटो आधी उतरवून घ्या आणि जाऊ द्या. इन्स्टा आणि स्नॅपचॅट दोन्हीकडं किमान वय तेरा आहे, आणि सहावीतल्या मुलीचं खातं चालू ठेवायला मी मदत करत नाही.

तारीख बरोबर झाली की 'सुपरव्हिजन' जोडा. तुमच्या खात्यातून मुलाच्या खात्याला निमंत्रण जातं, त्यानं ते स्वीकारावं लागतं. मग मूल किती वेळ ॲपवर होतं, गेल्या सात दिवसांत कुणाकुणाशी बोललं, हे तुम्हाला दिसतं. काय बोललं ते दिसत नाही. स्नॅपचॅटमध्ये 'फॅमिली सेंटर' नावाखाली जवळजवळ असंच आहे. बरेच बाप इथं नाराज होतात. "नुसती नावं घेऊन काय करू? मजकूर दिसला पाहिजे." मला विचाराल तर नावं पुरेशी आहेत. वर्गातल्या पोरांची नावं तुम्हाला माहीत असतात, क्लासमधली माहीत असतात. त्यात एखादं परकं नाव रोज रात्री दिसायला लागलं तर तेवढं विचारायला पुरतं.

मजकूर दिसायला हवा म्हणणारे पुढं आणखी एक गोष्ट मागतात: पोराच्या फोनमधले मेसेज गुपचूप आपल्या फोनवर दिसतील असलं ॲप. हे काम मी करत नाही, आणि तुम्हीही कुणाकडून करून घेऊ नका. ही ॲप बहुतेक प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकावी लागतात, त्यासाठी फोनची सुरक्षा आपल्याच हातानं बंद करावी लागते. मग पोरीचे फोटो, मेसेज, कॅमेरा, सगळं कुठल्या देशातल्या कुणाच्या सर्व्हरवर जातं ते देव जाणे. म्हणजे ज्या भीतीनं निघालो तीच विकत घेतली. शिवाय पोरांना हे आठवड्यात कळतं. कळलं की मैत्रिणीच्या फोनवर दुसरी आयडी निघते आणि खरा संसार तिकडं सुरू होतो. उघडपणे लावायचं असेल तर गुगलचं फॅमिली लिंक आहे. नवं ॲप टाकताना परवानगी, दिवसाची वेळेची मर्यादा, फोन कुठं आहे ते, एवढं त्यात होतं. मेसेज त्यातही दिसत नाहीत.

फॉलोअरची यादी मात्र एकदा मुलासोबत बसून बघाच. परीक्षा घेतल्यासारखं नको, चहा पिता पिता. "हा कोण? हिला कसा ओळखतोस?" दहावीतल्या पोराचे सहाशे फॉलोअर असतात आणि त्यातले निम्मे त्याला समोर आले तरी ओळखू येणार नाहीत. पोरं म्हणतात, "म्युच्युअल आहेत." हा म्युच्युअलचा खेळ समजून घ्या. परका माणूस आधी वर्गातल्या दोन उघड्या खात्यांना रिक्वेस्ट टाकतो. फॉलोअर वाढवायची हौस असलेलं एखादं पोरगं ती घेतं. आता बाकीच्यांना तो 'तुमच्या ओळखीचे दोघं ह्याला फॉलो करतात' असा दिसतो. आणखी चौघं घेतात. पंधरा दिवसांत तो सगळ्या वर्गाचा ओळखीचा झालेला असतो आणि त्याला प्रत्यक्षात कुणीच बघितलेलं नसतं. प्रायव्हेट खात्याचा उपयोग आत कोण आहे त्यावर ठरतो, हे मुलाला या एका उदाहरणावरून लगेच पटतं. माझ्या भाच्याला हे सांगितलं, त्या संध्याकाळी त्यानं यादी निम्मी केली, आणि तीन दिवस मला नावं ठेवली.

फोटोत काय दिसतं याकडंही लक्ष असू द्या. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, मागं सोसायटीच्या कमानीवरचं नाव, स्कूटीची नंबर प्लेट, क्लासचा बोर्ड. एकेक फोटो निरुपद्रवी असतो. महिन्याभराचे एकत्र बघा, मुलगी कधी कुठं असते याचं वेळापत्रक तयार होतं. उपाय सोपा आहे: स्टोरी तिथून निघाल्यावर ठेवायची. घाटावरची भेळ घरी आल्यावर दाखवली तरी तेवढीच चवीची दिसते. स्नॅपचॅटचा नकाशा चालू असेल तर तिथं 'घोस्ट मोड' लावा, नाहीतर ॲप उघडलं की मित्रयादीतल्यांना आपण कुठं आहोत ते दिसतं.

आता जरा मोठ्यांकडं येतो, कारण मुलांचे सगळ्यात उघडे फोटो मुलांनी टाकलेले नसतातच. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स: चिरंजीवांचा फोटो, पूर्ण नाव, गाव, तारीख, खाली शुभेच्छुक म्हणून सगळा मित्र परिवार. त्याचाच फोटो फेसबुकवर, पब्लिक. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका स्टेटसला. त्यावर बैठक क्रमांक असतो आणि आईचं नाव असतं. बोर्डाच्या संकेतस्थळावर निकाल बघायला नेमकं हेच दोन लागतात, म्हणजे कुणी तुमच्या मुलीबद्दल काही शोधत असेल तर त्याला सुरुवात तुम्हीच करून दिली. बाळाच्या अंघोळीचे व्हिडिओ तर विचारूच नका. आजी लोकांना बोलायची माझी हिंमत होत नाही, तुम्ही बोला. टाकायचंच असेल तर फेसबुकला 'फ्रेंड्स'पुरतं ठेवा, गुणपत्रिकेवर अंगठा ठेवून फोटो काढा, आणि मूल आठ-दहा वर्षांचं झालं की टाकण्याआधी त्याला विचारा. त्याला एकदा विचारलं की तेही दुसऱ्याचा फोटो टाकताना विचारायला शिकतं.

एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

अकरावीतला पोरगा दुपारी, गर्दी नसताना आला. हातात चांगल्यातले इअरबड. "दादा, हे किती घ्याल?" बिल आहे का विचारलं तर होतं, घरातच घेतलेलं. मग म्हणाला, "आणि डिलीट केलेलं चॅट परत येतं का?" हे दोन प्रश्न एका दमात आले की मी खुर्ची पुढं सरकवतो. एका मुलीच्या नावाच्या आयडीवरून रिक्वेस्ट आली होती. चार दिवस गोड बोलणं, मग व्हिडिओ कॉल, मग त्याचा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ त्यालाच परत. सोबत त्याच्या फॉलोअर यादीचा स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा नंबर. एकदा पैसे दिले होते, अर्थातच पुन्हा मागितले. घाबरून त्यानं चॅट उडवलं होतं.

मुलींचेच असे प्रकार होतात असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पैशासाठीच्या या धंद्यात मुलगेच जास्त सापडतात, आणि ते बोलत नाहीत. मी त्याला विचारलं, घरी का नाही सांगितलं? तो म्हणाला, "पप्पा फोन फोडतील."

समोर धमकी देणारा माणूस बसलाय आणि पोराला भीती पप्पांची. त्या भामट्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. पोरगं घरी सांगणार नाही याची त्याला खात्री असते. म्हणून मोबाईल हातात देताना बापानं दुकानातच, माझ्यासमोर, मुलाला सांगावं असं मी हल्ली म्हणतो: कुणी त्रास दिला, तुझ्याकडून काही गेलं, तर येऊन सांग. मारणार नाही, मोबाईल काढून घेणार नाही. आणि मग खरंच काढून घेऊ नका. एकदा शब्द मोडला की पुढच्या वेळी ते पोरगं माझ्याकडं इअरबड विकायला येईल.

अशी वेळ आली तर काय करायचं ते क्रमानं. पैसे द्यायचे नाहीत, दिले असतील तर आणखी नाहीत. चॅट उडवायचं नाही. समोरच्याच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्यायचा, पण वरचं गोंडस नाव पुरत नाही, ते तो मिनिटात बदलतो. युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक उतरवून ठेवा. धमकीचे मेसेज, यूपीआय नंबर, पैसे गेल्याचा व्यवहार क्रमांक, सगळं जपा. मग रिपोर्ट आणि ब्लॉक. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. तिथं महिला आणि बालकांसाठी वेगळा भाग आहे, आणि त्यात नाव न देताही तक्रार नोंदवता येते. मूल फार बिथरलं असेल, किंवा घरात कुणाशी बोलता येत नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. हा नंबर मुलांनाही पाठ असावा.

फोटो पसरेल ही भीती असते, त्यासाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सोय आहे. अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी एनसीएमईसी ही संस्था ती चालवते. फोटो काढला तेव्हा वय अठराच्या आत असलेलं कुणीही, कुठल्याही देशातून वापरू शकतं. फोटो त्यांना पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो, तो ठसा फक्त जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट या कंपन्या तो ठसा जुळणारं चित्र शोधून काढून टाकू शकतात. व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये हे चालत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि एक गोष्ट जी घाबरलेले पालक हमखास करतात: तो फोटो 'पुरावा' म्हणून मामाला, क्लासच्या सरांना, नगरसेवकाला, आणि मलासुद्धा पाठवतात. कृपा करून पाठवू नका. अठराच्या आतल्या मुलाचं असलं चित्र जवळ ठेवणं, पुढं पाठवणं हा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि आयटी कायद्यात गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२४ च्या निकालात याबाबत आणखी कडक भूमिका घेतली. तुमचा हेतू चांगला असला तरी ते चित्र आणखी चार फोनमध्ये गेलंच ना? पोलिसांसमोर फोन दाखवा, बाकी कुणाला नको.

त्या पोराच्या वडिलांना मी दुकानात बोलावलं, पोराच्या संमतीनं. माणूस तापट, पण ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "किती पैसे गेले?" आकडा ऐकल्यावर म्हणाले, "चल." पोर्टलवर तक्रार झाली. ती आयडी पुढं काही दिवसांत दिसेनाशी झाली. कंपनीनं उडवली की त्यानंच गाशा गुंडाळला, कळलं नाही. व्हिडिओ कुणाला आलेला नाही. इअरबड अजून त्याच्याच कानात आहेत.

मुलींच्या बाबतीत हल्ली आणखी एक चाललंय. साधा, अंगभर कपड्यातला फोटो घेऊन एआयनं त्याचा घाणेरडा फोटो बनवायचा. तिनं काही पाठवलेलं नसतं, कुणाशी बोललेली नसते. तरी घरातून पहिला प्रश्न येतो, "तू फोटो टाकलाच कशाला?" मग तिचं कॉलेज बंद, फोन बंद, आणि बनवणारा बहुतेक वेळा तिच्याच बॅचमधला, तो आरामात हिंडतोय. वरचे सगळे उपाय इथंही तसेच लागू आहेत, बनावट चित्र असलं तरी तक्रार होते.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची खातीच बंद केली, तेव्हापासून एक गिऱ्हाईक दर खेपेला विचारतं, "आपल्याकडं कधी?" आपल्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती आहे, नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ते पूर्ण लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. तोवर जन्मतारखेच्या खान्यात काका १९९८ टाकत राहणार. कायदा येईल तेव्हा येईल, खरी तारीख आजच टाकता येते.

या सेटिंगचे मी पैसे घेत नाही. अट एवढीच की मुलाला सोबत आणायचं, त्याच्या माघारी त्याचा फोन मी उघडणार नाही. दुपारी दोन ते चार या, तेव्हा गर्दी नसते. आणि येताना तुमच्या स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड आठवून या. अर्धा वेळ त्यातच जातो.